पुठ्ठ्याच्या मागावर विणकाम मध्येच आवळतं: कडा सरळ राहण्यासाठी काय करायचं

पाचवी-सहावीच्या वर्गात पुठ्ठ्याच्या मागावर, म्हणजे वर-खाली खाचा कापून उभे दोरे ताणलेल्या पुठ्ठ्यावर, विणकाम सुरू केलं की दुसऱ्या-तिसऱ्या तासाला एक हाक येतेच. "बाई, माझं आवळलंय बघा!" पुठ्ठा हातात घेऊन पाहावं तर खाली १५ सेंटिमीटर रुंद सुरू झालेलं काम मध्यावर १० वर आलेलं असतं आणि वरच्या खाचांपाशी ताणा, म्हणजे उभे दोरे, पुन्हा रुंद झालेला असतो. अगदी डमरू. कडेचे दोरे आत झुकलेले, मधले एकमेकांना चिकटलेले, सुई शिरायला जागा नाही. मूल दात-ओठ खात सुई खुपसत असतं आणि प्रत्येक ओळीगणिक काम आणखी आवळत जातं. एक-दोन मुलांचं झालं तर समजू शकतो, पण निम्म्या वर्गाचं होतं आणि दर वर्षी होतं.

सांगली जिल्ह्यातल्या विटा, तासगाव, कडेगाव भागातल्या कला आणि कार्यानुभवाच्या शिक्षकांशी बोलताना हीच तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. "सैल सोडा, सैल सोडा म्हणून घसा बसला, तरी पोरं ओढतातच." माझं स्पष्ट मत असं आहे की 'सैल सोडा' या सूचनेनं हा प्रश्न सुटत नाही. सैल म्हणजे किती, ते मुलाला दिसत नाही. शिवाय घरात आणि शाळेत आजवर त्याला उलटंच शिकवलेलं असतं: वेणी घट्ट घाल, बुटाची नाडी घट्ट बांध, वाकळेचा टाका ओढून घे. घट्ट म्हणजे नीटनेटकं, हे त्याच्या हाताला पक्कं ठाऊक आहे. मूल निष्काळजीपणानं ओढत नाही, चांगलं व्हावं म्हणूनच ओढतं. म्हणून सगळ्यात गुणी, टापटीप मुलींचं विणकाम अनेकदा जास्त आवळलेलं दिसतं. तेव्हा रागावण्यात अर्थ नाही. हाताला नवी कृती द्यावी लागते, डोळ्याला नवी खूण द्यावी लागते.

हे नेमकं का होतं

ताण्याचे उभे दोरे पुठ्ठ्यावर सरळ ताणलेले असतात. बाण्याचा आडवा दोरा मात्र सरळ जात नाही. एका दोऱ्याच्या वरून, दुसऱ्याच्या खालून असा नागमोडी जातो. नागमोडी वाट सरळ वाटेपेक्षा लांब असणारच. १५ सेंटिमीटर रुंदीत बाण्याचा दोरा नेमका १५ सेंटिमीटरच घातला, तर वर-खाली वळायला लागणारी लांबी तो कुठून आणणार? कडेचे दोरे आत ओढून आणतो. बस, एवढंच कारण आहे.

हा फरक किती असतो, त्याचा अंदाज मुलांनाही काढता येतो. ताण्याचे दोरे अर्धा-अर्धा सेंटिमीटरवर असतील आणि दुकानात मिळणारी साधारण जाडीची लोकर वापरली, तर १५ सेंटिमीटरच्या ओळीला जवळपास साडेसतरा सेंटिमीटर लोकर लागते. तेच दोरे एक-एक सेंटिमीटरवर असतील तर पावणेसोळाच्या आसपास पुरते. म्हणजे ताणा जितका दाट आणि बाणा जितका जाड, तितकं आवळणं जास्त. पहिल्यांदा विणणाऱ्या मुलांना दाट ताणा देऊ नये, याचं कारण हेच.

वर्गात हे दाखवायची सोपी रीत आहे. नीट विणलेल्या नमुन्यातली वरची एक ओळ मुलांसमोर उसवायची. निघालेला लोकरीचा तुकडा न ताणता फक्त सरळ करून पट्टीवर ठेवायचा आणि कापडाच्या रुंदीशी ताडून बघायचा. "आरं, एवढा जास्त!" हा उद्गार वर्गातून हमखास येतो, आणि त्यानंतर 'सैल सोडा' या शब्दांना अर्थ येतो. १९३७ च्या वर्ध्याच्या परिषदेनंतर उभ्या राहिलेल्या नई तालीममध्ये, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणपद्धतीत, हस्तव्यवसायातूनच गणित आणि भाषा शिकवावी असा आग्रह होता, टकळी (सूत कातायची हातचाती) आणि माग त्याच्या मध्यभागी होते. आज आपल्याकडे त्यातलं कार्यानुभवाच्या तासापुरतंच उरलं असलं, तरी उसवलेल्या ओळीच्या मोजमापातून गणिताच्या शिक्षकांना टक्केवारीचं चांगलं उदाहरण मिळतं.

आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. मागावरच्या पक्क्या कारागिराचं कापडसुद्धा आवळतं. मागावरून उतरलेलं कापड फणीतल्या (ताण्याचे दोरे ज्या कंगव्यासारख्या चौकटीतून येतात तिच्यातल्या) रुंदीपेक्षा थोडं अरुंदच असतं, आणि रुंदी धरताना तो हिशेब आधीच केलेला असतो. विट्यातल्या यंत्रमागांवर कापडाच्या दोन्ही काठांना टेंपल बसवलेले असतात. त्यांतल्या बारीक काट्यांच्या कड्या फिरत राहतात आणि विणलेलं कापड बाहेरच्या बाजूला ताणून धरतात. हातमागावर हेच काम दोन्ही टोकांना खिळे असलेली एक आडवी काठी करते. ज्या मुलांचे आई-वडील मागावर कामाला आहेत त्यांनी टेंपल पाहिलेला असतो. त्यांनाच वर्गाला सांगायला लावा. ताणा, बाणा, धोटा (बाण्याचा दोरा इकडून तिकडे नेणारा), फणी हे शब्द त्यांच्या घरातले आहेत, आणि एरवी मागे बसणारं पोरगं त्या दिवशी पुढं येऊन बोलतं.

आधी बघा, खरंच आवळलंय का

बऱ्याचदा डमरू दिसतो, पण कारण वेगळंच असतं. कडेचा दोरा सुटलेला असतो. परत फिरताना मूल शेवटचा दोरा न घेताच वळतं. पुढच्या ओळीत आणखी एक सुटतो. काम दोन्हीकडून एकेक दोऱ्यानं अरुंद होत जातं आणि बाहेर मोकळे दोरे तसेच उभे राहतात. इथं सैल सोडायला सांगून काही उपयोग नाही. खालच्या ओळीत किती दोरे आहेत आणि वरच्या ओळीत किती, ते मोजलं की लगेच कळतं. आकडा तोच असेल तर ओढलं गेलंय. आकडा कमी असेल तर दोरे सुटलेत.

सुटण्यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे दोन्ही कडांचे ताण्याचे दोरे वेगळ्या रंगाचे घेणं, किंवा ताणा चढवल्यावर त्या दोन दोऱ्यांना स्केचपेनानं लाल करणं. "लाल दोऱ्याला वळसा घातल्याशिवाय माघारी फिरायचं नाही," एवढा एकच नियम. लाल दोरा पुढं फार कामाला येतो, म्हणून तो सगळ्यांनाच करायला लावा.

दुसरा गोंधळ वळणावरचा. आलेली ओळ शेवटच्या दोऱ्याच्या वरून संपली तर माघारी जाताना त्याच्या खालून शेजारच्याकडे यायचं. हे चुकलं आणि दोन ओळी सारख्याच पडल्या, तर दुसरी ओळ पहिलीला नुसती चिकटून बसते, वळणावर काही धरलं जात नाही आणि ओढलं की दोरा सरळ निघून येतो. मग मूल आणखी ओढतं. कागदी चटई केलेल्या मुलांना हे वळण नवीन असतं. चटईत प्रत्येक पट्टी सुटी असते, तिला कडेला वळायचंच नसतं. त्यामुळे कागदाची चटई सुरेख करणारं मूल दोऱ्याशी अडखळलं तर नवल वाटायला नको.

मागच कच्चा असेल तर हात कितीही चांगला असून उपयोग नाही

पुठ्ठा वाकतो, हे आवळण्याचं दुसरं मोठं कारण. ताणा जोरात गुंडाळला की पातळ पुठ्ठा कमानीसारखा आत वाकतो, मधले दोरे ढिले पडतात आणि ढिल्या दोऱ्यांना बाणा सहज आत ओढून नेतो. वह्यांच्या पाठीचा पुठ्ठा किंवा मिठाईच्या डब्याचा पुठ्ठा या कामाचा नाही. आपल्या भागात द्राक्षाची आणि बेदाण्याची खोकी पाहिजे तितकी मिळतात. त्यांचा नालीदार पुठ्ठा उत्तम. मात्र कापताना आतल्या नाल्यांची दिशा बघायची. नाल्या ताण्याच्या दिशेनं, म्हणजे उभ्या असल्या पाहिजेत. आडव्या असतील तर ताण पडला की पुठ्ठा नालीवर मोडतो. दोन पुठ्ठे एकमेकांवर चिकटवले तर फारच छान. वर्षानुवर्षं वापरायचं असेल तर सुताराकडून साध्या लाकडी चौकटी करून त्यांना खिळे ठोकून घ्यावेत. जुन्या पाटीची किंवा फोटोची चौकटही चालते.

पाचवीसाठी मी २० सेंटिमीटर उंच आणि १५ सेंटिमीटर रुंद पुठ्ठा घेते. वर-खाली एक-एक सेंटिमीटरवर खाचा, खोली साधारण तेवढीच. खाचा वर-खाली समोरासमोर आल्या पाहिजेत. मुलांनी अंदाजानं कापल्या तर ताणा तिरका होतो, आणि मग कडा सरळ येण्याची अपेक्षा करण्यात अर्थ नसतो. पहिल्या वेळी खाचांच्या खुणा मी स्वतः किंवा मोठ्या वर्गातल्या मुलांकडून करून घेते. पुठ्ठ्यावर, कडेच्या दोन दोऱ्यांच्या बरोबर मागे, दोन ठळक उभ्या रेषा काढायच्या. लाल दोरा रेषेवर असेल तोवर सगळं ठीक. रेषा सोडून आत आला की हात थांबवायचा. मुलाला आता माझ्या ओरडण्याची गरज नाही, पुठ्ठाच त्याला सांगतो.

ताण्याचा ताण किती? बोटानं दाबलं तर दोरा थोडा खाली जावा आणि बोट काढलं की लगेच वर यावा. सगळे दोरे सारखे असावेत. एक गच्च, एक ढिला असं असेल तर ढिले असतील तिथंच कंबर पडते.

दोरा कोणता घेता त्यावर पुष्कळ अवलंबून आहे

शाळेजवळच्या दुकानात 'लोकर' म्हणून जे गुंडे मिळतात ते बहुतेक ॲक्रिलिकचे असतात. रंग सुंदर, मुलांना आवडतात, पण हा धागा ताणतो. ताण्याला तो वापरलात तर ताणा रबरासारखा हलत राहतो. बाण्याला वापरताना मुलानं ओढून घेतला तर पुठ्ठ्यावर ओळ सरळ दिसते आणि काम उतरवलं की धागा पुन्हा आखडतो. पुठ्ठ्यावर चांगलं असलेलं काम घरी नेईपर्यंत आवळलं, अशी तक्रार आली तर तिचं मूळ इथं आहे.

ताणा नेहमी पीळदार सुती दोऱ्याचा घ्या. किराणा दुकानात पुड्या बांधायला वापरतात तो पांढरा दोरा, पतला असेल तर दुहेरी करून, अगदी चालतो. क्रोशाचा जाड दोराही चांगला. माण, खटाव, आटपाडी, जत भागात घोंगडी विणणारे सणगर ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, ती उगाच नाही. खळ लावली की लोकरीचे तंतू बसतात, दोरा कडक होतो आणि बाणा जाताना त्याला अडकत नाही. वर्गात पीळदार सुती दोरा असेल तर खळीची गरज पडत नाही, पण चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून खळ करून दाखवायला मिळाली तर सोडू नका. गावात घोंगडीचा खड्डामाग (खड्ड्यात पाय सोडून बसून चालवायचा माग) अजून चालू असेल तर मुलांना तिथं घेऊन जाणं हा सगळ्यात चांगला तास होईल.

पहिल्या नमुन्याला बाणा म्हणून सुतळी द्या, हा माझा आवडता सल्ला आहे. मार्केट यार्डात हळदीच्या गोण्यांची तोंडं शिवतात तीच. ती ताणत नाही, तिला स्वतःचा थोडा ताठपणा असतो आणि वळणावर ती दिसते. हाताला सवय झाली की लोकर. जुन्या सुती साडीच्या दोन-दोन सेंटिमीटरच्या पट्ट्याही सुंदर दिसतात, पण पट्टी जाड, म्हणून ती जास्त लांबी खाते. तिच्यासाठी खाचा दीड सेंटिमीटरवर कापा.

बाण्याचा तुकडा लांब देऊ नका. सारखं सारखं दोरा जोडायला नको म्हणून मुलं दोन-दोन मीटर लोकर सुईत ओवतात. मग प्रत्येक ओळीला ती सगळी ओढून काढायची, मध्ये गुंता, गुंत्याला हिसका, आणि त्या हिसक्याला कड आत. मुलाच्या दोन हातांएवढा तुकडा पुरे. संपला की नवा तुकडा मध्यावर कुठंतरी जुन्यावर दोन-तीन सेंटिमीटर चढवून सुरू करायचा. कडेला गाठ किंवा जोड नको. जोड कडेला आला की तिथं ओढ बसते आणि कड कच्चीही राहते.

डोंगर करा, मग दाबा

आता मुख्य कृती. मुलाला 'सैल' म्हणजे किती हे हातानं कळावं म्हणून ओळ सरळ घालायचीच नाही. सुई पलीकडे गेली की दोरा ओढताना दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं आणि बोटानं अलीकडचा लाल दोरा धरून ठेवायचा. वळण लाल दोऱ्याला टेकलं की थांबायचं. "टेकू दे, वाकवू नको," असं मी म्हणते. दोरा पुठ्ठ्याला चिकटून बाजूला ओढायचा. मुलं सुई छातीकडे किंवा वर ओढतात, त्यानं ताणा उचलला जातो आणि कड वाकते. बाजूला ओढणं हे एकदा हात धरून दाखवावं लागतं.

मग त्या आडव्या दोऱ्याचा मध्य वर ढकलून त्याचा डोंगर करायचा. १५ सेंटिमीटर रुंदीला डोंगराचा माथा विणलेल्या भागापासून साधारण तीन बोटं वर. दोन्ही पायथे कडांपाशी विणलेल्या भागाला टेकलेले. आता थेट कंगवा चालवायचा नाही. आधी बोटानं माथा मध्यावर खाली टेकवायचा. एका मोठ्या डोंगराचे दोन लहान डोंगर होतात. त्या दोघांचे माथे टेकवायचे, चार होतात. मग कंगव्यानं हलक्या हातानं सगळं खाली बसवायचं. डोंगराच्या उतारात लपलेली जास्तीची लांबी दोऱ्यांच्या वर-खाली वाटली जाते आणि कडेला मागायला जात नाही.

साताऱ्याकडच्या एका शिक्षिकेच्या वर्गात मुलं याला अजिंक्यतारा म्हणतात. "अजिंक्यतारा केलास का?" असं शेजारचं मूल विचारतं. तुमच्या गावाला जो डोंगर दिसत असेल त्याचं नाव द्या. नाव असलं की मुलं कृती विसरत नाहीत.

डोंगर जास्त उंच झाला तर लगेच दिसतं. मध्ये लोकरीचे फुगे उभे राहतात, दाबले तरी बसत नाहीत. पायथा कडेला टेकला नाही तर कडेबाहेर दोऱ्याचे कान लोंबतात. हे दोन्ही दोष आवळण्यापेक्षा बरे, कारण ते त्याच ओळीत दिसतात आणि तिथंच सुधारता येतात. फुगा दिसला तर पुढचा डोंगर एक बोट कमी. कान दिसला तर सुईच्या टोकानं जास्तीचा दोरा ओळीत आत सरकवायचा. सुरुवातीला मुद्दाम थोडं जास्तच सैल करू द्या. सैल हाताला आवरतं घ्यायला सोपं जातं, आवळायची सवय सोडवायला फार वेळ लागतो.

दर दोन बोटं विणून झालं की पट्टी लावायची, आणि ती स्वतः नाही, बाकावरच्या जोडीदारानं. खालची रुंदी आणि आताची रुंदी. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात आणि ३५ मिनिटांच्या तासात मी प्रत्येकापर्यंत पोचू शकत नाही, जोडीदार पोचतो. मुलं एकमेकांचं फार बारकाईनं बघतात.

तास संपताना ओळ पुरी करूनच सुई थांबवायची. ओळ अर्धी ठेवली आणि पुठ्ठे कपाटात एकावर एक रचले, की लोंबणारी सुई कशात तरी अडकते आणि पुढच्या आठवड्यात काम आवळलेलं मिळतं. वर्तमानपत्राच्या पिशवीत एकेक पुठ्ठा घालून ठेवला की हा त्रास जातो.

खराट्याचे हीर

एवढं करूनही काही मुलांचा हात जडच असतो. लहान वर्गांत तर असतोच. त्यांच्यासाठी कडेला आधार द्यावा. खराट्यातले दोन सरळ, जाडसर हीर घ्यायचे, पुठ्ठ्यापेक्षा थोडे लांब. दोन्ही कडांना लाल दोऱ्यालगत एकेक हीर उभा ठेवायचा आणि वर-खाली चिकटपट्टीनं किंवा दोऱ्यानं पुठ्ठ्याला पक्का बांधायचा. विणताना लाल दोरा आणि हीर मिळून एकच समजायचा, दोघांना मिळून वळसा. हीर वाकत नाही, त्यामुळे कडही वाकत नाही. काम संपलं की हीर वरून ओढून काढायचा, अलगद निघतो. पातळ हीर वाकतो, म्हणून निवडून घ्या. बांबूच्या कामट्या किंवा सायकलच्या चाकाची जुनी तारही चालते, फक्त तारेची टोकं झाकायला विसरू नका.

काही जण म्हणतात की हीर लावले तर मुलाचा हात शिकतच नाही. मला तसं वाटत नाही. पहिलं काम सरळ कडांचं झालं की मुलाला आपल्याला जमतं असं वाटतं, आणि ज्याला जमतं असं वाटतं तेच दुसरं काम मागतं. दुसऱ्या कामाला हीर काढून टाका, डोंगर तेवढा ठेवा.

अर्ध्यावर आवळलेलं काम वाचवता येतं का

एका बाजूला एक सेंटिमीटरपर्यंत आत आलं असेल तर उसवू नका. लाल दोरा बोटानं हळूहळू बाहेर, रेषेकडे सरकवायचा, कडेला हीर बांधायचा आणि पुढच्या सहा-सात ओळी डोंगर थोडा मोठा ठेवायचा. कड हळूहळू रेषेवर येते. एकाच ओळीत रुंदी परत मिळवायला गेलं तर तिथं पायरी दिसते आणि मध्ये फट पडते.

त्याहून जास्त आवळलं असेल तर जिथून कंबर सुरू झाली तिथपर्यंत उसवावंच लागतं. ती जागा मुलालाच शोधू द्या. पट्टी घेऊन खालून वर मोजत गेलं की सापडते, आणि तिथं काय झालं होतं हेही त्याला बहुधा आठवतं: तिथं नवी लोकर ओवली होती, तिथं घाई होती, तिथून खेळाचा तास सुरू होणार होता. उसवणं मुलाच्याच हातानं व्हावं, आपण कात्री लावू नये. सुईनं एकेक ओळ सोडवताना बाण्याची वाट त्याला दुसऱ्यांदा दिसते. उसवलेली लोकर वाकडी-तिकडी झालेली असते, ती पुन्हा वापरण्याआधी पट्टीवर गुंडाळून ओली करून वाळवली तर बरी होते.

आणि आवळलेल्या कामाला गुण कमी देऊ नका. रंगांची निवड, ओळींची एकसारखी ठेवण, चूक शोधून दुरुस्त करणं, हे सगळं त्यात असतं. ज्या मुलानं कंबर पडल्यावर पुढं काम रेषेवर आणलं, त्याचं काम प्रदर्शनात पहिल्यापासून सरळ असलेल्या कामाशेजारीच लावायला हवं. दुरुस्त झालेली जागा बघणाऱ्यालाही दिसते आणि मुलाला ती दाखवायला आवडते.

गोल पुठ्ठ्यावर विणत असाल तर हाच दोष वेगळ्या रूपात येतो. तिथं कडा नाहीत, म्हणून काम वाटीसारखं वर उचललं जातं. खाचांची संख्या विषम ठेवा, नाहीतर फेऱ्याला वर-खाली बदलणार नाही. मधल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर प्रत्येक फेरीला लहान लहान डोंगर करत जा. वाटीच करायची असेल तर मात्र मुद्दाम ओढायचं, आणि ती मुलांना फार आवडते.

उतरवताना

इतकं सांभाळलेलं काम शेवटच्या दहा मिनिटांत आवळलं जाऊ शकतं. ताणा कापताना एका वेळी दोनच दोरे कापायचे, शेजारच्या दोघांची एकमेकांशी गाठ मारायची आणि मग पुढचे दोन. सगळे एकदम कापले की वरच्या ओळी सुटतात आणि मूल घाबरून सगळं गच्च आवळून टाकतं. गाठ बाण्याच्या शेवटच्या ओळीला टेकेपर्यंत सरकवायची, त्याच्या पुढं नाही.

काम काढल्यावर किंचित आखडलेलं असेल तर ओल्या फडक्यानं दमट करून, जाड पुठ्ठ्यावर हव्या त्या मापात टाचण्यांनी ताणून रात्रभर राहू द्या. सुती दोरा आणि खरी लोकर यानं चांगली बसते. ॲक्रिलिकवर फरक थोडाच पडतो, आणि त्यावर गरम इस्त्री अजिबात फिरवू नका, धागा वितळून चकाकतो आणि चपटा होतो.